आंदणात आलेल्या कुत्र्याचं नाक

कुत्र्याचं नाक थंडीत फिकं पडतं आणि ऊन तापलं की पुन्हा काळं होतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि चारचौघांत सांगता येणं वेगळं, त्यातून तुम्ही कुणाच्या घरची सून असाल तर विचारूच नका. सासरी मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते एका कुत्र्याच्या नाकापायी. त्याला आता इतकी वर्षं झाली की लाज वाटायची राहिली आहे.

नावं कुणाचीच सांगणार नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, आणि एकाचं गाळायचं तर बाकीच्यांनी काय पुण्य केलंय? कुत्र्याचंही सांगत नाही. सासूबाई त्याला 'आंदण' म्हणायच्या, तेवढं पुरे.

माझं माहेर तळोद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. सासर खाली तापीकाठी, काळ्या जमिनीत, ऊस-कापसाच्या मुलखात. पहाटे गाडी जुंपली तर दिवेलागणीला पोचावं एवढं अंतर. लग्न होऊन मी निघाले तेव्हा घरचं वर्षभराचं तांबूस कुत्रं गाडीमागे चालू लागलं. माझ्या भावानं ढेकळं मारली, गाडीवानानं चाबूक उगारला, पण ते काही मागे फिरलं नाही. सासरच्या दारात माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तो जमिनीवर पडायच्या आत ह्यानं खाल्ला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "लोके आंदनमा गाय देतस, भांडा देतस. इना बापनी कुत्रा दिन्हा," त्या म्हणाल्या. सगळी आळी हसली. मी चौदा वर्षांची होते, पदराखाली मुकाट रडत होते, पण एक सांगते, त्या परक्या अंगणात ओळखीचं शेपूट हलताना पाहून मला फार आधार वाटला.

त्या काळी आमच्याकडे सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नसत. सासरे घरात शिरताना खाकरायचे, आपण पदर पुढे ओढून बाजूला व्हायचं. पण संसारात निरोप तर लागतातच. मग सासरे कुणाला तरी मध्ये घालायचे. घरात पोरं असली तर पोरं, नसली तर कुणी खांबाला सांगायचं, कुणी दावणीच्या बैलाला. "सांग तिले, पानी आन म्हना," असं बैलाच्या तोंडाकडे बघत म्हणायचं आणि सुनेनं पाणी आणायचं. माझ्या सासऱ्यांना, मी आल्यापासून, हे कुत्रं सापडलं. ते ओट्यावर बसत, कुत्रं त्यांच्या गुडघ्याला नाक लावून बसे. "सांग तिले, आज जेवाले दोन मानसं येनार शेत." "सांग तिले, डायमा मीठ कमी शे." एकदा तर, "सांग तिले, भरीत चांगलं व्हयेल शे," असंही म्हणाले. मी चुलीमागून बांगड्या वाजवायच्या. बांगड्या वाजल्या की निरोप पोचला. अशी चार वर्षं गेली. चार वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता, आणि तरी त्या घरात माझ्याशी सगळ्यांत जास्त कोण बोलत असेल तर तेच. मला ते फार आवडत. हे मी त्यांना कधी सांगू शकले नाही, कुत्र्याला मात्र पुष्कळदा सांगितलं.

चौथ्या वर्षी पौषात तापीकाठी कुणी पाहिली नव्हती अशी थंडी पडली. केळीची पानं करपली, हरभरा गारठला, म्हातारी माणसं शेकोटीवरून उठेनात. आणि आमच्या कुत्र्याचं नाक, जे शिजलेल्या जांभळासारखं काळं होतं, ते आधी तपकिरी झालं आणि मग मधोमध गुलाबी-पांढरं. मला त्यात नवल वाटलं नाही. ह्याच्या आईचं नाक दर पौषात असंच व्हायचं, होळीनंतर पुन्हा काळं. पायथ्याच्या गावांना थंडी नेहमीची, तिकडे असल्या नाकाकडे कुणी ढुंकून बघत नसे.

असं का होतं ते मी पुढे फार वर्षांनी एका गुरांच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, काही कुत्र्यांच्या नाकाच्या कातडीत थंडीत रंग तयार व्हायचं काम मंदावतं, उन्हाळ्यात पुन्हा सुरू होतं. वय झालं की तेही नीट होत नाही. शिवाय घासून, भाजूनही रंग जातो. "नेमकं का ते मलाही पुरतं माहीत नाही," असंही तो म्हणाला, आणि डॉक्टर असून असं म्हणाला म्हणून मला तो माणूस पटला.

सासरी मात्र हे कुणी पाहिलेलं नव्हतं. सासूबाईंनी अंगणात त्याचं तोंड धरून उजेडाकडे केलं आणि त्यांचा हातच थबकला. "याना नाकले कोड फुटनं," त्या म्हणाल्या. कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. ते स्पर्शानं पसरतं, पिढ्यान्पिढ्या उतरतं, अशी तेव्हा सगळ्यांची पक्की समजूत होती, आणि खोट्या समजुतीइतकी पक्की गोष्ट दुसरी नसते. ज्या घराला कोडाचं नाव लागे त्या घरची मुलगी कुणी करत नसे. आणि आमच्या घरात लग्नाची मुलगी होती. माझी नणंद पंधरा वर्षांची, बोलायला तिखट, कामाला वाघीण. माघात तिला बघायला पाहुणे यायचे होते.

माझ्या नवऱ्यानं डोकं चालवलं. "गुऱ्हायवर गरम काकवीमा नाक घालं व्हई त्यानी," तो म्हणाला. ते दिवस गुऱ्हाळाचे होतेच, काहिलीत उसाचा रस दिवसभर उकळत असे. पण सासूबाई त्याच्यावर अशा खेकसल्या की मीही दचकले. "भाजेलनं तू माले नको सांगू." एवढं चिडण्यासारखं त्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या चुलीशी आल्या तेव्हा मी धीर करून हळूच म्हणाले, "आत्याबाई, थंडीमा व्हस तसं. होयीनंतर काया व्हई जास."

"तुन्हा कुत्रा, तू त्यानीच बाजू लेशी," त्या म्हणाल्या, आणि बाहेर ओट्यावरच्या सासऱ्यांकडे वळल्या. "बाजारले डोंगरना मानूस येस, त्यानासंगे मोलगीले धाडी द्या याले."

मोलगी म्हणजे वर डोंगरात, दोन दिवसांची चाल. मी चुलीमागे बसून होते, हातातली भाकरी तव्यावर टाकायचं सुचेना. सासरे "देखूत" म्हणाले आणि कुत्र्याला घेऊन शेतात निघून गेले. 'देखूत', म्हणजे 'बघू', हा त्यांचा शब्द नकाराच्या सगळ्यात जवळचा होता.

सासूबाई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. कुत्रं जात नाही तर नाक काळं करू, असं त्यांनी ठरवलं. पाहुणे यायच्या सकाळी दिव्याची काजळी एरंडेलात खलून घेतली, कुत्र्याचं मुंडकं मांडीवर घेतलं आणि बोटानं नाक रंगवलं. चार वर्षांत त्याला कधी प्रेमानं हात न लावणारी बाई, त्या दिवशी मांडीवर घेऊन "ऱ्हाय रे, ऱ्हाय" म्हणत होती. कुत्र्यानं जीभ काढली आणि नाक चाटून साफ केलं. त्यांनी पुन्हा लावलं. त्यानं पुन्हा चाटलं. तिसऱ्या वेळी एरंडेलाची चव नको झाली असावी, ते गप्प बसलं. मी आणि नणंद आत पदर तोंडात कोंबून हसत होतो. हसायला नको होतं.

पाहुणे तिघं आले. बोलणारा एकच, मुलाचा बाप. भरदार माणूस, पांढरं शुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं. जाजमावर बसला, पाणी झालं, सुपारी झाली, पीकपाण्याचं झालं. नणंद आत तयार बसली होती. मुलगी बाहेर येते, पाहुणे चार प्रश्न विचारतात, मग चालायला सांगतात, अशी पद्धत. पाऊल कसं पडतं ते त्यांना बघायचं असतं. पण त्याआधी कुत्रं उठलं. नव्या माणसाचा वास घ्यायला म्हणून त्यानं आपलं नाक सरळ त्या पांढऱ्या धोतरावर, मांडीच्या वर, टेकवलं.

डाग पडला, चांगला रुपयाएवढा. त्या माणसानं डागाकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, उपरण्याच्या टोकानं त्याचं नाक पुसलं. खालून गुलाबी-पांढरं निघालं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "कुत्रानं नाक रंगाडी ठेयेल शे. मंग पोरनं काय काय दपाडी ठेयेल व्हई?"

कुत्र्याचं लपवणारे मुलीचं काय काय लपवत असतील, हा प्रश्न वावगा नव्हता. दाराआड माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. सासरे खाली मान घालून बसले होते. त्यांना मी कधी खाली मान घातलेलं पाहिलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही.

मी दंड सोडवून घेतला, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि ओसरीवर गेले. कुत्र्याच्या गळ्याशी हात घातला आणि त्याला, त्यालाच बरं का, म्हणाले, "तुन्ही मायनं नाक बी पूसमा असंच फिकं व्हये. होयी व्हयनी का काया व्हई जाये. कोड नही शे. सांग त्यास्ले."

"आठे सून बोलस," मुलाचा बाप म्हणाला. इथे सुना बोलतात, हे कौतुकानं नव्हतं.

मग सासऱ्यांनी मान वर केली. "चैतमा या," ते म्हणाले. "तव्हय नाक काया नही ऱ्हायनं, ते पोर दखाडाव नही मी." नाक काळं नसेल तर मुलगीच दाखवणार नाही, असा तो शब्द होता.

पाहुणे मुलगी न बघता उठले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. संध्याकाळी सासरे ओट्यावरून कुत्र्याला म्हणाले, "सांग तिले, सबद दिन्हा शे मी. तिना भरवसावर." मी बांगड्या वाजवल्या. जरा जास्तच वाजल्या.

तिथून पुढे दोन महिने आमच्या घराचं सगळं लक्ष त्या नाकावर. सासरे सकाळी दात घासायच्या आधी कुत्र्याचं तोंड उगवतीकडे करून बघायचे. नवरा जाता-येता वाकायचा. सासूबाई कुणी नाही असं पाहून बघायच्या, आणि मी बघत नाही असं त्यांना वाटायचं. कुत्र्याला आपण एवढे देखणे कधीपासून झालो ते कळेना. माघ संपला तरी रंग तसाच. होळी पेटली, तरी कडेनं जरासा तपकिरी.

होळीच्या दुसऱ्या दिवशी मी पाणवठ्यावरून आले तर सासूबाई परसात कुत्र्याजवळ बसून होत्या. मला म्हणाल्या, ये, बस. मग त्यांनी नणंदेला हाक मारली, तिच्या पायातला चांदीचा जाड तोडा वर सरकवला आणि मला घोटा दाखवला. दोन बोटं रुंद पांढरा डाग. नणंद तीन वर्षांची असताना गुऱ्हाळावर काहिलीतला रस तिच्या पायावर सांडला होता. जखम भरली, कातडी आली, पण ती पांढरीच राहिली. चार वर्षं मी त्या तोड्यांना तिची हौस समजत होते.

"नाकले रंग येई बी," सासूबाई म्हणाल्या. "याले बारा वरीस व्हई ग्यात, आजून नही उना. भाजेल शे म्हनीसन कोन मानी?" बारा वर्षांत रंग आला नव्हता, भाजलेलं आहे यावर कोण विश्वास ठेवणार होतं!

त्यांचं माझ्या नवऱ्यावर खेकसणं, काजळी, मोलगी, सगळं मला तेव्हा उमगलं. त्या माणसानं 'काय काय लपवलं' असं विचारलं होतं, आणि मी कुत्र्याला वाचवायला पुढे होऊन, आमच्या घरी काही लपलेलं नाही, असंच जणू सांगून बसले होते. नाक काळं झालं तरी पाऊल होतंच. नणंदेनं मात्र तोडा खाली ओढला आणि भांडी घासायला गेली.

चैत्र तापला. पाडव्याच्या सुमारास एका आठवड्यात नाक असं भराभर काळं झालं की काल फिकं होतं हे शपथेवर सांगितलं तरी खरं वाटू नये. टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका तेवढा राहिला. सासऱ्यांनी माणूस धाडला. पाहुणे आले, तेच तिघं.

ह्या वेळी सासऱ्यांनी भरला लोटा मागवला, सगळ्यांसमोर कुत्र्याचं नाक आपल्या हातानं धुतलं आणि म्हणाले, "पुसा." मुलाच्या बापानं उपरण्यानं पुसलं. उपरणं पांढरंच राहिलं. कुत्रं त्याच्या तोंडावर शिंकलं. त्यानं तोंड पुसलं, आणि हसला. "सूनबाईनं सांगेल खरं शे," तो दाराच्या दिशेनं म्हणाला. मला पदराखाली घाम फुटला होता. सासूबाईंनी आत मांड्यांचं उपडं खापर चुलीवर ठेवलं. मांडे करायचे म्हणजे पाहुण्यांचं मन वळलं असं त्यांनी धरलं.

नणंदेला बोलावलं. ती आली, बसली. "पोर, मांडा करता येतस का?" तो समोरासमोर विचारत होता, मुलगी बघताना विचारतात तसं. "येतस," ती म्हणाली. "वावरमा जास का?" "जास." तो खूश दिसला. "पोर, जरा चाली दखाड."

ती उठली आणि मी पाहिलं तर तिच्या पायांत तोडे नव्हते. सासूबाईंच्या हातातली परात खाली आली. नणंद ओसरीच्या टोकापर्यंत गेली, वळली, मुलाच्या बापापुढे येऊन उभी राहिली आणि लुगडं बोटभर उचलून तिनं पाऊल पुढे केलं.

"चैत उना तरी हाई काया व्हवाव नही," ती म्हणाली. "ल्हान व्हतू, काहीलमाथून रस पडना. कोड नही शे. पन जसं शे तसं दखाडी दिन्हं."

तिचा आवाज कापत नव्हता, पण लुगड्याची कड धरलेली बोटं पांढरी पडली होती. मुलाचा बाप त्या पावलाकडे बघत राहिला. मला वाटलं, गेलं, सगळं गेलं, आणि हे मीच ओढवून आणलं.

मग त्या माणसानं तिच्यावरून नजर काढली. तोंड चक्क बाजूला फिरवलं, उपरणं सारखं केलं आणि शेजारी बसलेल्या आमच्या कुत्र्याच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "सांग तिले, आमनाकडे बी गुऱ्हाय शे. तठे काहीलपासून पाय संभाळ म्हना."

एका क्षणापूर्वी तो तिला 'पोर, पोर' म्हणत होता. आता तो तिच्याशी बोलत नव्हता. चार वर्षं मी हे बोलणं रोज ऐकत आले होते, त्यामुळे त्या घरात ते सगळ्यांत आधी मला कळलं. माझे डोळे भरून आले. नणंद बावरून उभीच होती, तिला वाटलं आपल्यावर पाठ फिरवली. मी दारातून तिच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "पदर पुढे ले, आन पाय पड. तो तुन्हा सासरा शे."